पुस्तक कुठल्या पानावर सुटलं?

नंदगडच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. बालविभागातलं सगळं वाचून झालं म्हणते आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या दिल्या तर 'रडक्या आहेत' म्हणून ठेवून देते. मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला), सायन्स, इंग्रजी माध्यम. इंग्रजीतल्या जाडजूड जादूच्या कादंबऱ्या दोन दिवसांत फस्त करतो, आणि मराठी पुस्तक हातात दिलं की दहाव्या पानावर जांभया. दोघांना आवडतील अशा मराठी कादंबऱ्यांची यादी द्याल का?"

यादी देते ताई, खरं तेवढ्यानं भागणार नाही. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या बेळगावकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं. चोवीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसून मराठी पुस्तकं वाटली, तरी ते काही गेलं नाही.) याद्या मीही केल्या होत्या. 'दहावीच्या सुट्टीत वाचा' असा कागद टाइप करून काचेखाली लावला होता. मुलं यायची, कागदावरचं पहिलं नाव सांगायची, पुस्तक न्यायची आणि आठवड्यानं तसंच आणून ठेवायची. तसंच म्हणजे कसं, ते पुस्तक उघडलं की कळतं.

परत आलेलं पुस्तक मी कपाटात ठेवण्याआधी एकदा झटकते. आतून काय काय पडतं! मोरपीस, चॉकलेटचा कागद, गणिताच्या पेपरचा तुकडा, आणि सगळ्यात जास्त बसची तिकिटं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना बस मोफत झाली, तेव्हापासून मुलींच्या पुस्तकांत शून्य रुपयाची तिकिटं सापडतात. तिकीट ज्या पानात अडकलेलं असतं तिथं वाचन थांबलेलं असतं. ते पान मी बघते. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीपेक्षा ते तिकीट मला जास्त सांगतं.

कडोलीची एक मुलगी 'मृत्युंजय' घेऊन गेली होती. तिकीट 61 व्या पानावर. मला वाटलं, पुस्तक जाड म्हणून कंटाळली असेल, किंवा लढाया नको असतील. विचारलं तर म्हणाली, "तो सारखा आपलंच सांगायलाय वो मावशी, दुसऱ्याला बोलूच देईना." आता हे उत्तर सोन्यासारखं आहे. पुढे त्या कादंबरीत कुंती, दुर्योधन, वृषाली असे बाकीचेही आपापल्या तोंडून बोलतात, पण सुरुवात कर्णाच्या स्वगतानं होते, आणि हिला माणसांचा गलका हवा होता. तिला मी 'बनगरवाडी' दिली. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 सालची, हातात मावेल एवढी कादंबरी. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, आणि तो स्वतःबद्दल थोडंच बोलतो. बोलते ती वाडी. चार दिवसांत परत आली, तिकीट शेवटच्या पानात.

म्हणून माझा पहिला प्रश्न 'तुला काय आवडतं?' हा नसतो. त्या वयाच्या मुलाला तो प्रश्न विचारला की तो 'काहीपण' म्हणतो आणि चप्पल शोधायला लागतो. मी विचारते, अर्धवट टाकलेलं शेवटचं पुस्तक कुठलं आणि कुठे टाकलंस? नावडतं सांगायला मुलांना फार आवडतं, तिथं ती खोटंही बोलत नाहीत. मग विचारते, आवडलेलं पुस्तक मित्राला सांगताना काय सांगितलंस? कुणी गोष्ट सांगतं, कुणी एखादं पात्र सांगतं, कुणी 'शेवट असला भारी आहे' एवढंच. त्यावरून कळतं की हा घटनांसाठी वाचतो, सोबतीसाठी वाचतो की धक्क्यासाठी. कादंबरीचा विषय यात कुठेच येत नाही. 'क्रिकेट आवडतं म्हणून क्रिकेटवरचं पुस्तक' हा हिशेब माझ्या अनुभवात दहातल्या दोघांना लागू पडतो.

अडचण आणखी एक आहे, ती आपल्या कपाटांची. इंग्रजी दुकानांत तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वेगळा कप्पा असतो. आपल्याकडे 'बाल' आणि त्याच्या शेजारी एकदम 'कथा-कादंबरी'. 'कुमार' हा शब्द आहे, कप्पा मात्र बहुतेक ठिकाणी नाही. मग मूल एका दिवसात 'फास्टर फेणे'वरून 'ययाति'वर ढकललं जातं. तुमच्या मुलीचं तेच झालंय. मधल्या वयाची पुस्तकं मराठीत आहेत, फक्त ती मोठ्यांच्या कपाटात पाठ करून उभी आहेत.

आता तुमच्या मुलीकडे येते. 'रडकं' या शब्दाखाली दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय पुस्तक देऊ नये. काही मुलांना दुःखाचा शेवट सोसत नाही. काहींना दुःखाचं वावडं नसतं, लेखक गळा काढून रडवायला लागला की त्यांना राग येतो. आपण मोठे लोक या वयाच्या मुलांना गरिबी, आई, उपासमार, त्याग असलं ओळीनं देत जातो, 'संस्कार होतील' म्हणून. 'श्यामची आई' तिनं दहाव्या-अकराव्या वर्षी वाचली असणार. नववीत पुन्हा देऊ नका, तिशीत ती आपण होऊन उघडेल. ती दुसऱ्या जातीची असेल तर 'बनगरवाडी' तिलाही चालेल. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते, पण माडगूळकर एक शब्द चढ्या आवाजात बोलत नाहीत.

पहिल्या जातीची असेल, म्हणजे सरळ मजा हवी असेल, तर तिला फेलूदा द्या. सत्यजित राय यांच्या या गुप्तहेरकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आणि रोहन प्रकाशनानं छोट्या-छोट्या पुस्तकांत काढल्या. फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि लेखक जटायू हे तिघं एकदा ओळखीचे झाले की मूल पुढचा भाग मागायला स्वतः येतं. आणि एक माझी खास चीज: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, आणि अभ्यासक्रमात त्याचे उतारे लावून लावून लोकांनी त्याला गंभीर करून टाकलंय. त्यातल्या वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याचं प्रकरण मी एका मुलीला काउंटरवर उभ्या उभ्या वाचून दाखवलं, ती हसत हसत खुर्चीत बसली. दुःख त्यात ढीगभर आहे, पण सांगणारी बाई स्वतःवरच हसते. नववीच्या हुशार मुलीला हा आवाज फार जवळचा वाटतो.

मुली केंद्रस्थानी असलेल्या, त्या वयाच्या कादंबऱ्या मराठीत कमी, ही माझी जुनी खंत. फेणेही मुलगाच, गोट्याही मुलगाच, बोक्याही मुलगाच. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' चांगली आहे, 1968 ची असूनही भाषा अडत नाही, मात्र ती सुखाची गोष्ट नाही हे आधी सांगून द्या. अनुवाद चालत असतील तर 'टू किल अ मॉकिंगबर्ड' मराठीत आहे. त्यातली स्काउट वयानं लहान, पण तिचं तिरकं बघणं तुमच्या मुलीच्या कामाचं आहे.

आणि दोघांनाही, मुलगी असो की मुलगा, मिलिंद बोकील यांची 'शाळा'. 2004 साली मौज प्रकाशनानं काढली. आणीबाणीच्या दिवसांतली नववीची वर्गखोली, मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि शिरोडकर. यावर आईवडलांची तक्रार ठरलेली: शिव्या आहेत. आहेत. शाळेच्या मैदानात उभं राहून पाच मिनिटं ऐका, पुस्तकात त्यापेक्षा कमी आहेत. सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक द्या, कारण त्यातली खरी गंमत मुकुंदाच्या मनातल्या बडबडीत आहे. हे पुस्तक परत देताना मुली एकच प्रश्न विचारतात, "शिरोडकरचं पुढं काय झालं?" मुलं विचारत नाहीत, पण त्यांची परतीची तारीख उलटून गेलेली असते.

आपल्या भागातल्या मुलांसाठी एक पुस्तक मात्र मी यादीच्या बाहेर, वेगळं ठेवते: प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. इंदिराबाई संतांचे हे चिरंजीव, भूगर्भशास्त्र शिकवायचे कऱ्हाडला, आणि लिहिला तो आपला सीमाभाग. लंपन नावाचा मुलगा आईवडलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेलं. पुण्यातल्या वाचकाला हे गोड आणि नवलाचं वाटतं. आमच्या मुलांचं तसं नाही. शहापुरातला आठवीतला एक मुलगा वाचनकक्षात ओठ हलवत वाचत होता. आधी कपाळाला आठ्या, मग एका ओळीवर बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, आणि भर शांततेत तो ओरडला, "अरे, हे आमच्या आज्जीसारखं बोलायलेत की!" चार माणसांनी मान वर करून बघितलं. त्याला तोवर वाटत होतं की पुस्तकातलं मराठी म्हणजे बातम्यांतलं मराठी, आणि आपण बोलतो ते चुकीचं. तसं वाटण्यात त्याचा दोष नव्हता. इथल्या एका शाळेत बोलताना 'करायलास' म्हटलं म्हणून मुलांना उभं करायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशा क्रमानं वाचल्या तर लंपन डोळ्यांसमोर मोठा होत जातो. क्रम मोडू नका. 'झुंबर' आधी वाचून टाकलेल्या मुलांना 'वनवास' मग नुसता लाडिक वाटतो. 2024 साली यावर 'लंपन' ही वेबमालिका आली, त्यानंतर महिनाभर आमच्याकडे एकही प्रत कपाटात टिकली नाही.

आता चिरंजीव. इथं तुम्ही आवडीनिवडीचा प्रश्न समजताय, मला तो वेगाचा वाटतो. इंग्रजी माध्यमातलं मूल इंग्रजी पान मिनिटभरात वाचतं आणि मराठी पानाला तीन मिनिटं घेतं. जोडाक्षर आलं की अडखळतं. रहस्याचं किंवा साहसाचं पुस्तक वेगावरच चालतं. तीनपट सावकाश वाचलं तर कुठलीही थरारक कादंबरी सरकारी परिपत्रक वाटेल. त्याला जांभया येतात त्या गोष्टीमुळे नव्हेत.

यावर उपाय काय, तर आधी माहीत असलेली गोष्ट मराठीतून. हॅरी पॉटर इंग्रजीत वाचला असेलच, मंजुल प्रकाशनाचा मराठी अनुवाद द्या. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यानं डोळे अर्थासाठी अडत नाहीत, अक्षरांवरून पळायला शिकतात. एक भाग पुरे. अनुवादातल्या शब्दांना तो हसेल, हसू दे. हसायला तरी वाचावं लागतंच. दुसरा मार्ग कानांचा: स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, पुस्तक समोर धरून ऐकलं तर महिन्याभरात फरक दिसतो. बेळगाव-नंदगड बसमध्ये रोज बसतो ना तो? तेवढा वेळ पुरतो.

वेग आला की मग चवीचं बघू. जादूच्या कादंबऱ्यांत त्याला नक्की काय धरून ठेवतं, ते विचारा. चार-पाच मित्रांची टोळी आणि वसतिगृह असेल, तर 'शाळा' त्याचंच पुस्तक आहे, आणि बारावीनंतर सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'. आत्ता नको, दारू-सिगारेटमुळे नव्हे, कॉलेजचं रिकामपण अनुभवल्याशिवाय ती कळत नाही. अंधार, भीती, मागं वळून बघायला लावणारं काही आवडत असेल तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. धारप रात्री एकट्यानं वाचणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला अजूनही घाबरवतात, हे मी पैजेवर सांगते. जादूमागचे नियम, यंत्रणा, 'हे चालतं कसं' यात रस असेल तर जयंत नारळीकर. 'वामन परत न आला' पासून सुरुवात करा: उत्खननात सापडलेली पुरातन वस्तू आणि तिच्यातून निघणारं यंत्रमानवाचं प्रकरण. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा रोज ऐकणाऱ्या सायन्सच्या मुलाला ती जुनी वाटत नाही.

मात्र नवं जग, त्याचे नकाशे, राजघराणी, ड्रॅगन, पाच-पाच खंड, असं त्याला मराठीत हवं असेल तर खोटं कशाला बोलू, या वयासाठी तसं फार थोडं आहे. तिथं त्याला इंग्रजीत सुखानं राहू द्या.

एक शक्यता उरते. अशा गोष्टींतला नायक बहुधा दोन जगांत अडकलेला असतो, धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. पुष्कळ मुलं त्यासाठीच त्या वाचतात, त्यांना स्वतःला ते सांगता येत नाही. अशा मुलांना मी जी. एं.चा अनुवाद देते, 'रानातील प्रकाश'. जी. ए. कुलकर्णी आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, पुढं धारवाडला इंग्रजी शिकवत. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाची ही छोटी कादंबरी: लहानपणी पळवून नेलेला गोरा मुलगा अमेरिकेतल्या आदिवासींत वाढतो, त्यांचाच होतो, आणि पंधराव्या वर्षी तहाच्या अटीमुळे त्याला जबरदस्तीनं जन्मदात्यांकडे परत पाठवतात. त्याला त्यांची भाषा बोलायची नसते, त्यांचे बूट घालायचे नसतात. आमच्याकडची प्रत जुनी आहे, शिलाई सुटलीय, पण ती मी बांधून बांधून चालवते. जी. ए. म्हणून कौतुकानं 'काजळमाया' मात्र सोळाव्या वर्षी हातात देऊ नका. एका हौशी काकांनी पुतण्याला दिलं होतं. पोरगं दोन वर्षं वाचनालयाकडे फिरकलं नाही.

इतिहास आवडणाऱ्यांचं सोपं असतं, त्यामुळे थोडक्यात. 'स्वामी' द्या. माधवराव 1761 साली सोळाव्या वर्षी पेशवा झाला आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला, एवढं सांगितलं की पीयूसीतलं मूल कान टवकारतं. आणि रणजित देसाई इथल्याच कोवाडचे, चंदगड तालुक्यातले, हेही सांगा. निपाणी-कागलकडच्या, शेतीत राबून शिकणाऱ्या मुलांना मी आनंद यादवांची 'झोंबी' देते. कागलचीच गोष्ट, शिकू न देणाऱ्या बापाशी चाललेली झुंज. तुमच्या मुलीला तूर्त नको, ती 'रडकी' म्हणेल आणि एक चांगलं पुस्तक कायमचं जाईल.

आणखी एक, यावर काही जण नाकं मुरडतील. तुमची मुलं कन्नड वाचतात ना? मग पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' मूळ कन्नडमधूनच वाचू द्या. उडणाऱ्या सरड्याच्या शोधात रानात निघालेली माणसं, एक शास्त्रज्ञ, एक मधाच्या मागं फिरणारा उनाड तरुण. या वयाला इतकं चपखल बसणारं पुस्तक मी दोन्ही भाषांत मिळून फार थोडं पाहिलंय. कन्नडची भीती वाटत असेल तर मोठेपणी भैरप्पांचं 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णींच्या अनुवादातून वाचतील. त्याही जन्मानं बेळगावच्याच.

पुस्तकं मिळवायची कुठं? विकत घ्यायची घाई करू नका, आधी वाचनालयातून न्या. आपल्या शहरात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, कारण नाही सांगायला. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा इथं गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या टेबलांवर मुलांना पैसे देऊन सोडा आणि तुम्ही भाषण ऐकायला जा. मागं उभं राहिलात तर ती तुम्हाला आवडेल ते घेतात. घरबसल्या हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. सावकाश वाचणाऱ्या मुलाला कादंबरीआधी त्यातल्या चार कथा बऱ्या पडतात.

पुस्तक आणल्यावर एवढं करा. पहिली तीन पानं तुम्ही मोठ्यानं वाचा, जेवणानंतर, मोबाइल बाजूला ठेवून. चौथ्या पानावर थांबा आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून भांडी घासायला जा. 50 पानांनंतरही नको वाटलं तर परत आणू द्या, ओरडू नका, फक्त कुठलं पान होतं ते बघून मला सांगा.

शनिवारी बेळगावला येणार असाल तर दोघांनाही घेऊन या, त्यांच्या वतीनं तुम्ही निवडायला येऊ नका. फेलूदाचे दोन भाग आणि 'वामन' मी काउंटरखाली काढून ठेवते. 'वनवास' आहे. 'शारदा संगीत' अनगोळच्या एका मुलीकडे आहे, तिची तारीख पुढच्या गुरुवारची, पण ती आधीच आणून देईल. काल फोन करून 'पंखा' आहे का विचारत होती.